सिंधुदुर्गच्या सागरतळाची सहल : नियोजन आणि दक्षता



मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि १६६७ साली ते पूर्ण झाले. किल्ला पाहावयास येणाऱ्याची दृष्टी साहजिकच तटाबुरुजांकडे जाते. परंतु ज्या खडकांवर हा तट उभा आहे, ते खडक पाण्याखाली तसेच पुढे पसरत गेले आहेत. त्यांच्या कपारींत प्रवाळांची वस्ती आहे, गोबरा आणि तांबोशी यांसारखे मासे तेथे आसरा घेतात, रंगीबेरंगी फुलपाखरू-मासे जोडीजोडीने फिरतात. शतकानुशतके हे जग फक्त कोळ्याच्या जाळ्यातून आणि गळातून किनाऱ्यावर येत असे. गेल्या काही वर्षांत मात्र पुण्या-मुंबईचा, कोल्हापूर-सांगलीचा सामान्य पर्यटकही तोंडाला नळी लावून ते प्रत्यक्ष पाहू लागला आहे.

पाण्याखाली जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतील फरक प्रथम ध्यानी घेणे अगत्याचे आहे. एक स्किन डायव्हिंग. यात डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात आखूड नळी आणि पायांत पंख एवढेच साहित्य असते. पाणबुड्या पृष्ठभागावर श्वास घेतो, तो रोखून खाली जातो आणि दम संपण्यापूर्वी वर येतो. दुसरा मार्ग स्कूबाचा. यात दाबाखाली भरलेल्या हवेचे नळकांडे पाठीवर असते आणि जितक्या खोलीवर माणूस असेल तितक्याच दाबाची हवा त्यास नियंत्रकातून मिळत राहते. जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ साली हे साधन सिद्ध केले. तत्पूर्वी पाण्याखाली श्वास घ्यावयाचा तर बहुधा वरच्या होडीतून लांबच लांब नळी सोडावी लागे. ती नळी सुटली आणि माणूस पाण्यात मोकळा झाला. या मोकळेपणाबरोबर एक जबाबदारीही त्याच्याकडे आली. वरून त्याच्या हवेकडे पाहणारा कोणी उरला नाही.

एका गटाचा बेत

कोल्हापूरहून निघणारा सहा-सात जणांचा एक गट डोळ्यांसमोर आणावा. तीन दिवसांची सुटी जोडून आलेली आहे. कचेरीतून सुटल्यावर रात्री गाडी निघते. घाट उतरून पहाटे तारकर्लीस पोहोचते. थोडी झोप, पोटभर न्याहारी, आणि अकरा-बाराच्या सुमारास समुद्रात बुडी. दुसरा दिवस किल्ल्यात आणि बाजारात जातो. तिसऱ्या दिवशी, ‘आलोच आहोत तर’ म्हणून, पुन्हा दोन बुड्या, त्याही जरा अधिक खोल. मग माशाचे जेवण आणि लगेच परतीचा घाट. अशा बेतात वरकरणी काही चुकल्यासारखे वाटत नाही. निवास आरक्षित आहे, पैसे भरलेले आहेत, प्रत्येक तासाचा हिशेब आहे. तरीही समुद्राच्या आणि शरीराच्या दृष्टीने हा बेत ठिकठिकाणी उलटा पडला आहे. तो कसा, हे पाहता पाहता नियोजनाची बहुतेक सूत्रे हाती येतात.

पहिली गोष्ट ऋतूची. पावसाळ्याच्या तोंडावर, मेअखेरीस, या किनाऱ्यावरील जलक्रीडा बंद होतात. खवळलेल्या समुद्रात होडी घालणे अशक्य असते आणि यांत्रिक मासेमारीसही जून-जुलैत बंदी असते. सप्टेंबरात परवानगी मिळाली तरी पाणी निवळलेले नसते. नद्या-ओढ्यांनी आणलेला गाळ आणि लाटांनी ढवळलेली वाळू खाली बसावयास काही आठवडे लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सामान्यतः उत्तम. मार्चमध्येही बुड्या साधतात. तथापि या किनाऱ्यावर अंदमान-लक्षद्वीपसारखे काचेचे पाणी कोणी अपेक्षू नये. येथे चार-पाच मीटरपर्यंत स्वच्छ दिसले तर तो दिवस चांगला समजावा. जाहिरातीतील निळीशार छायाचित्रे पाहून आलेल्याची निराशा होते, आणि निराश माणूस ‘अजून थोडे खाली नेता का’ असे विचारू लागतो. अपेक्षा आधीच खरी करून देणे हादेखील सुरक्षिततेचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट दिवसातील वेळेची. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो सौम्य असतो आणि किनाऱ्यालगतचे पाणी शांत ठेवतो. जसजसे ऊन चढते, जमीन तापते, तसतसा वारा फिरतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. त्याने लाटा उठतात, होडी हेलकावे खाते, तळाची वाळू उसळते. म्हणजे कोल्हापूरच्या गटाने ठरविलेली अकरा-बाराची वेळ ही नेमकी शांत पाणी संपण्याची वेळ होय. रात्रभर जागून, अंगातील पाणी कमी झालेले असताना, पोट भरून अशा हेलकावत्या होडीत बसल्यावर उलट्या होणे ओघानेच आले. पाण्याखाली नियंत्रक तोंडात असता उलटी होणे ही सुखाची गोष्ट नव्हे.

तिथी आणि भरती

पर्यटक सुटीचे कॅलेंडर पाहतो; दर्यावर्दी तिथी पाहतो. कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करावी, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. आणि दिवसातून दोनदा भरती येत असल्याने सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे लागू. चंद्राचा उदय दररोज सरासरी पन्नास मिनिटे पुढे जातो, त्याच्या मागोमाग भरतीही जाते, म्हणून ही पाऊणकी. हा ठोकताळा मुंबईच्या आसपास बराच जुळतो. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येत असल्यामुळे मालवणकडे ती थोडी आधी येते. काटेकोर वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेतच. परंतु घरबसल्या, भिंतीवरच्या पंचांगावरून सहलीची तारीख ठरवावयास हा हिशेब आजही पुरेसा उपयोगी आहे.

त्याचा उपयोग असा. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असते. पाणी खूप चढते, खूप उतरते, आणि त्याची ओढही तितकीच जोरकस असते. याउलट अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग असतो. चढउतार कमी, ओढ कमी, गढूळपणाही कमी. आता यास दुसरी अट जोडावी. बुडीस उत्तम क्षण म्हणजे भरती पूर्ण होऊन पाणी थोडा वेळ थांबते तो. त्या वेळी बाहेरच्या समुद्राचे निवळ पाणी खडकांपर्यंत आलेले असते. सुकती लागली की खाड्यांमधले मातकट पाणी बाहेर पडू लागते. तिसरी अट सकाळच्या मतलई वाऱ्याची. या तीनही अटी एकत्र मांडल्या तर दशमी-एकादशीच्या सुमारास भांगही असतो आणि पूर्ण भरतीही सकाळी सात-आठच्या आसपास येते. तीन दिवसांची सुटी पौर्णिमेस धरून आली असेल तर ती सोडून पंधरवडा थांबणे, किंवा त्या सुटीत किल्ले पाहून बुडी पुढे ढकलणे, हे शहाणपणाचे. हवामानाच्या दृष्टीने हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा ही संस्था लाटा, वारा आणि उधाणाचे इशारे नियमितपणे प्रसृत करते. निघण्याच्या आदल्या दिवशी तेही पाहावेत. आणि धक्क्यावर पोहोचल्यावर तांडेल ‘आज नको’ म्हणाला तर कोष्टक, पंचांग आणि इशारे बाजूस ठेवून त्याचे ऐकावे.

कोठे जावे, कोठे जाऊ नये

सर्व ठिकाणे सर्वांसाठी नसतात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे उथळ खडक नवशिक्यास योग्य. तेथे प्रशिक्षकाच्या हाताखाली पाच-सात मीटर खोलीपर्यंत प्राथमिक बुडी घेता येते, किनारा जवळ असतो. मात्र याच पाण्यात प्रवासी होड्यांची वर्दळ फार. बुडी चालू असलेल्या जागेवर तरंगता बोया आणि झेंडा हवाच, आणि वर येताना वर पाहत, एक हात उंच धरून यावे. फिरत्या पंख्याचा घाव माशाच्या चाव्याहून कितीतरी अधिक संभवनीय आहे.

देवबागजवळ कर्ली नदी समुद्रास मिळते तो संगम दिसावयास रमणीय आहे. तेथील वाळूच्या दांड्यावर पर्यटकांची झुंबड उडते. परंतु सुकतीच्या वेळी नदीचे सारे पाणी त्या अरुंद मुखातून बाहेर धावते, आणि मुखवटा-पंख लावून मौजेखातर उतरलेल्यास ते समुद्राकडे ओढून नेऊ शकते. पट्टीचा पोहणाराही अशा ओढीच्या विरुद्ध फार काळ टिकत नाही. ओढीत सापडल्यास तिच्याशी न झगडता आडवे, किनाऱ्याला समांतर पोहावे आणि हात वर करून खूण करावी. नदीमुखाशी स्किन डायव्हिंग मुळीच करू नये, हे अधिक बरे.

दक्षिणेस निवतीच्या समोर समुद्रात खडकांचा समूह आहे, तोच वेंगुर्ले रॉक्स. तेथे दीपगृह आहे, पाकोळ्यांची घरटी असलेल्या गुहा आहेत, आणि खोल, मोकळ्या समुद्राचे पाणी आहे. भारतीय नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका याच परिसरात पाण्याखाली ठेवून तिच्याभोवती सागरी जीवसृष्टी वाढू देण्याचा प्रकल्प महाराष्ट्र शासनाने हाती घेतला. बुडालेल्या नौकेचे आकर्षण मोठे असते. पण तिच्या पोटात शिरणे म्हणजे डोक्यावर छप्पर घेणे. सरळ वर येण्याचा मार्ग तेथे नसतो. त्यासाठी वेगळे शिक्षण लागते.

आणि सर्वांच्या पलीकडे आंग्रिया बँक. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणारे हे पाण्याखालचे पठार किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्याचा माथादेखील पृष्ठभागापासून वीस मीटरच्या आसपास खोल. तेथे प्रवाळांची संपत्ती विपुल आहे, पाणीही निवळ आहे. परंतु जमीन नाही, आडोसा नाही, आणि काही बिघडले तर बंदर कित्येक तासांच्या अंतरावर. तेथे जाण्याचा विचार करणाऱ्याने प्रथम आपल्या खात्यावर किती बुड्या जमा आहेत ते मोजावे.

दाबाचे गणित

समुद्रसपाटीवर माणसाच्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला एकेका वातावरणाची भर पडते. दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. या साध्या बेरजेतून सारे नियम निघतात. पृष्ठभागावर जे नळकांडे साठ मिनिटे पुरेल, ते दहा मीटरवर तीस आणि वीस मीटरवर वीसच मिनिटे पुरते. कारण तेथे प्रत्येक श्वासात दुप्पट, तिप्पट हवा जाते. घाबरलेला माणूस याहूनही लवकर ती संपवितो. म्हणून हवेचा हिशेब खाली जाण्यापूर्वीच करावा, आणि होडीवर परतताना नळकांड्यात सुमारे पन्नास बार हवा शिल्लक राहील असा करावा.

घाट उतरताना कानांत दडे बसतात, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. पाण्यात तेच फार वेगाने घडते, आणि पहिल्या काही मीटरांतच अधिक जाणवते. नाक चिमटीत धरून हळुवार फुंकर मारली की कान मोकळे होतात. दर मीटर-दीड मीटरला, दुखू लागण्यापूर्वीच, हे करावे. सर्दीने नाक चोंदलेले असेल तर बुडी रद्द. औषध घेऊन जबरीने उतरू नये, कारण त्याचा परिणाम मध्येच ओसरला तर कान पाण्याखाली अडकतात.

स्कूबाचा सर्वांत मोठा नियम मात्र एकच : श्वास कधीही रोखून धरू नये. वीस मीटरवर भरून घेतलेला श्वास तसाच धरून माणूस वर आला तर ती हवा तिप्पट होऊ पाहते. फुप्फुस तेवढे ताणत नाही. ते फाटण्यास फार खोली लागते असेही नाही. जेमतेम एक-सव्वा मीटर पाण्यातूनही अशा दुखापती घडल्याची नोंद आहे. म्हणूनच ‘उथळ पाणी आहे, काही होत नाही’ असे सांगून पाच मिनिटांत तयारी उरकणाऱ्याच्या होडीतून उतरून यावे. पैसे परत न मिळाले तरी चालतील. पाण्याखाली बोलता येत नाही. वर, खाली, ठीक नाही, हवा संपत आली, कान दुखतो, या खुणा किनाऱ्यावर हाताने करून पाहिल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नये.

पोहता न येणाऱ्यासही स्कूबाची बुडी घेता येते, असे ठिकठिकाणी सांगितले जाते. प्रशिक्षक हाताला धरून नेतो तोवर ते खरेही असते. पण लाटेने हात सुटला, मुखवट्यात पाणी शिरले, तर पाण्याची सवय असलेला माणूस तो क्षण निभावून नेतो आणि सवय नसलेला वरच्या दिशेने उसळी घेतो, तीही श्वास धरून. ज्यास या छंदात खरोखर पुढे जावयाचे आहे त्याने रीतसर शिक्षण घ्यावे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाचे केंद्र उभारले आहे. पहिल्या पायरीचे शिक्षण साधारण चार दिवसांचे असते. तरणतलावातील सराव आणि समुद्रातील चार बुड्या झाल्यावर अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरण्याची पात्रता येते. पुढील पायरीस तीस मीटर. छंद म्हणून करावयाच्या बुडीची कमाल मर्यादा चाळीस मीटर मानली जाते. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास, किंवा गर्भारपणात, आरोग्यपत्रकावर खरे तेच लिहावे. ते पत्रक कचेरीच्या सोयीसाठी नसते. आदल्या रात्रीचे मद्यपानही याच हिशेबात येते.

स्किन डायव्हिंगमध्ये साधने थोडी म्हणून धोका थोडा, असा समज आहे. तो घातक आहे. माणसास श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर रक्तात कर्बवायू साचल्यामुळे. काही हौशी तरुण बुडीपूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतात. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. कर्बवायू मात्र निघून जातो आणि धोक्याची घंटाच बंद पडते. खाली असेपर्यंत पाण्याच्या दाबामुळे उरलासुरला प्राणवायू मेंदूस पुरतो. वर येताना दाब उतरतो, आणि पृष्ठभाग हाताच्या अंतरावर असताना माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. चांगला पोहणाराच यात अधिक सापडतो, कारण नवखा तितका वेळ खाली राहतच नाही. यावर उपाय साधा आहे. दोघांनी जावे, एक खाली तर दुसरा वर, त्याच्यावर नजर ठेवून, आणि खालचा वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्याकडे पाहत राहून. दोघांनी एकाच वेळी बुडी मारली तर जोडीचा उपयोग नाही.

समुद्र कोणाचा

तारकर्ली, देवबाग, दांडी येथील पुळणीवर पहाटे रापण ओढली जाते. गावातील माणसे दोन्ही दोरांना लागून ते लांबलचक जाळे किनाऱ्यावर आणतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. सकाळची शांत वेळ, निवळ पाणी, खडकाळ जागेतील मासळी, या साऱ्यांवर मच्छिमाराचा पोटाचा हक्क आहे. पाणबुड्यांची होडी जाळ्याच्या वाटेत येता कामा नये. कोणत्या दिवशी कोठे जाळी आहेत हे गावातच विचारावे. आणि ज्या होडीतून जावयाचे तिचा तांडेल गावातला असेल तर हा प्रश्नच बहुतेक सुटतो. मालवणात आज कित्येक घरांतील तरुण सकाळी मासेमारी आणि पुढे पर्यटकांस बुडी, अशी दोन्ही कामे करतात. समुद्रतळाचा प्रत्येक खडप त्यांस नावानिशी ठाऊक असतो.

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर असून गाभ्याचे क्षेत्र ३.१८२ चौरस किलोमीटर आहे. किल्ल्याभोवतीचा परिसर त्यातच येतो. आपली मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छिमारांच्या मनात या अभयारण्याविषयी दीर्घकाळ साशंकता राहिली, आणि ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. ज्या खडकावर जाळे टाकण्यास गावकऱ्यास हटकले जाते, त्याच खडकावर पर्यटकाच्या होडीचा नांगर आदळताना तो पाहतो, तेव्हा त्यास काय वाटत असेल याचा विचार सहलीच्या नियोजकाने अवश्य करावा. घुमटाच्या आकाराचे प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढते. पायपंखाच्या एका फटक्याने मोडलेला तुकडा म्हणजे एका माणसाच्या बालपणाएवढी वर्षे. म्हणून होडी बोयाला बांधावी, नांगर वाळूतच टाकावा, तळावर उभे राहू नये, छायाचित्रासाठी प्रवाळास धरू नये. माशांना पाव-बिस्किटे घालून भोवती जमविण्याची रीत काही ठिकाणी पडली आहे, तीही सोडून द्यावी. प्रवाळ हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित जीव आहे. ‘आठवण’ म्हणून खिशात घातलेला तुकडाही गुन्हा ठरतो. शिवाय हात न लावण्यात स्वतःचेही हित आहे. समुद्री साळूचे काटे, वाळूत अंग लपवून बसलेले पाकट, डौलाने पिसारा फुलविणारा विषारी काट्यांचा लायनफिश, रापणीतून सुटलेला समुद्रसाप, यांपैकी कोणीही आपण होऊन अंगावर येत नाही. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी घासत न्यावेत, म्हणजे पाकट आधीच बाजूस होते.

परतीचा घाट

आता कोल्हापूरच्या गटाच्या तिसऱ्या दिवसाकडे वळावे. दाबाखाली श्वास घेताना हवेतील नत्रवायू रक्तात आणि स्नायूंत विरघळत जातो. जितके खोल आणि जितका वेळ, तितका अधिक. सावकाश वर आल्यास तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो. घाईने आल्यास गोटी-सोड्याची बाटली फोडल्यावर जसे बुडबुडे उसळतात तसे ते शरीरातच उठतात. सांधे ठणकतात, अंगास मुंग्या येतात, कधी पाय लुळे पडतात. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके तयार केली. आजचे सारे नियम त्याच वाटेने आलेले आहेत. मिनिटाला नऊ मीटरहून अधिक वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरवर तीन ते पाच मिनिटे थांबावे, हे प्रत्येक शिकलेल्या पाणबुड्यास पाठ असते.

परंतु होडीवर चढल्याने ही क्रिया संपत नाही. नत्रवायू बाहेर पडावयास पुढे कित्येक तास लागतात, आणि तेवढ्यात माणूस उंचावर गेला तर हवेचा दाब आणखी उतरतो. म्हणून विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर किमान बारा तास, आणि एकाहून अधिक बुड्या वा अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान अठरा तास जाऊ द्यावेत, असा दंडक आहे. चिपी येथील विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून या दंडकास सिंधुदुर्गात नवा अर्थ आला आहे. पण मराठी पर्यटकाने याहूनही आवर्जून लक्षात ठेवावा तो घाट. विमानासाठी सांगितलेला हा नियम सुमारे सहाशे मीटरपुढील उंचीस लागू होतो, मग ती विमानाने गाठलेली असो वा मोटारीने. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे. कोल्हापूर आणि पुणे ही शहरेच साडेपाचशे मीटरांहून उंचावर वसलेली आहेत. दुपारी दोन खोल बुड्या मारून संध्याकाळी घाट चढणारा माणूस गाडीतल्या गाडीत तेच करीत असतो जे विमानात करू नये म्हणून त्यास सांगितलेले असते. पाच-सहा मीटरांवर पंधरा-वीस मिनिटांची एखादी बुडी घेणाऱ्यास याची फारशी धास्ती नको. खोल आणि पुन्हापुन्हा उतरणाऱ्यास मात्र ती असलीच पाहिजे.

घरी पोहोचल्यावर रात्री खांदा दुखू लागला तर तो गाडी चालविल्याचा शीण समजला जातो, हीच यातील गोम. बुडीनंतरच्या चोवीस तासांत असे काही जाणवले तर डॉक्टरांस ‘बुडी मारली होती’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. उपचार म्हणजे शुद्ध प्राणवायू आणि पुनर्दाब-कोठी. अशी कोठी प्रत्येक गावी नसते. नजीकची कोठे आहे आणि चालू आहे काय, याची चौकशी सहलीपूर्वीच करून कागदावर लिहून ठेवावी. होडीवर प्राणवायूचे नळकांडे आहे का, हे विचारून नव्हे तर पाहून घ्यावे. त्याच कागदावर तटरक्षक दलाचा १५५४ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक असावेत, आणि एक प्रत किनाऱ्यावर थांबलेल्या माणसाजवळ, ‘इतक्या वाजेपर्यंत परत न आल्यास’ या टिपणासह.

तेव्हा या गटाचा बेत शेवटाकडून मांडावयास हवा. परतीचा घाट तिसऱ्या दिवशी दुपारी चढावयाचा, तर शेवटची बुडी दुसऱ्या दिवशी सकाळीच आटोपली पाहिजे. ती सकाळी सात-आठला, भरतीच्या पाण्यात, भांगाच्या दिवसांत हवी, तर निघण्याची तारीख दशमीच्या हिशेबाने ठरली पाहिजे. पहिला दिवस रात्रीचे जागरण भरून काढण्यात, साहित्य अंगास बेताचे बसते का ते पाहण्यात, खुणा शिकण्यात आणि गुडघाभर पाण्यात मुखवटा काढून-घालून पाहण्यात जावा. दुसऱ्या दिवशी वारा फिरला, तांडेलाने मान हलविली, तर बुडी नाही. त्या दिवसाचे पैसे गेले असे समजावे. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, कोरड्या अंगाने, होडीतून किल्ल्यात जावे. तटावरून खाली पाहिले तर आदल्या दिवशीचा खडक पाण्यातून काळसर दिसतो, आणि त्यावर एखाद्या दुसऱ्या गटाचा बोया डुलत असतो.